दिव्याची मशीन

गेणभाऊला कुणाचं बोलणं नुसत्या कानानं ऐकता यायचं नाही. त्याला हात लागायचा. समोरचा माणूस मोठ्यानं बोलायला लागला की गेणभाऊचा उजवा पंजा हवेत पालथा व्हायचा आणि हळूहळू खाली यायचा, तव्यावरची भाकरी दाबावी तसा. माणूस तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागला की तोच पंजा उताणा होऊन वर जायचा. जुन्नरच्या एसटी स्टँडवर कंडक्टर गावाचं नाव ओरडत असला तरी ह्याचा पंजा चालू. लग्नात चालू, मयतीत चालू, ग्रामसभेत तर विचारूच नका. नवख्याला वाटायचं, हा आपल्याला गप बस म्हणतोय. मलाही तसंच वाटलं, आणि त्यावरूनच आमची ओळख झाली. म्हणजे आधी भांडण झालं, मग ओळख.

आम्ही धनगर. मेंढरं आता राहिली नाहीत. डिंभ्याच्या धरणाखालच्या अंगाला थोडं रान आहे, त्यावर भागतं. पण बिरोबाची ओवी माझ्या गळ्यात आहे. शाळा मी दुसरीतच सोडली, ओवी नाही सोडली. सकाळी सुरू केली तर दिवस कलेपर्यंत पुरते, आणि आमच्या ह्या दोन तालुक्यांत ती अख्खी येणारा मी एकटाच उरलोय. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो. ओवीची रीत अशी, की ढोलाला खेटून उभं राहायचं, खालच्या आवाजात देवाची वाट सांगत जायची, आणि जिथं देव उभा राहतो तिथं एकदम आरोळी ठोकायची. आमची आरोळी धरणाच्या ह्या काठावरून त्या काठाला जाते.

आमच्याकडच्या एका जत्रेत मी असाच उभा होतो. पुढं एक किडकिडीत माणूस, पांढरी टोपी, डोळे मिटलेले, आणि माझ्या दर आरोळीला त्याचा पंजा खाली. एकदा सोसलं, दोनदा सोसलं. तिसऱ्यांदा ढोल थांबवला.

"ओ पावणं! देवाच्या दारात मला गप बस म्हनता व्हय?"

त्यानं डोळे उघडले. घाबरला वगैरे काही नाही. "गप कशाला? मी दाबतोय."

"काय दाबताय?"

"तुमचा आवाज. खालचं माझ्या कानापत्तूर येत न्हाई आन वरचं कानात मावत न्हाई. मधी कुनीतरी पायजेल ना राव!"

लोक हसले. मी ढोलाचं टिपरू घेऊन पुढं झालो तर तो तसाच उभा, वर मला म्हणतो, "लई भारी गाता. सुटलेला बैल हाय नुसता. पिंपळवंडीला या यकदा, येसन घालू."

माझ्या गळ्याला वेसण घालणारा अजून जन्मायचाय, असं मी त्याला तिथंच सांगितलं. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं, आणि पुढच्या आठवड्यात घोडेगाव, मंचर, नारायणगाव अशा गाड्या बदलत मी पिंपळवंडीला गेलो. भांडायलाच गेलो होतो.

गेणभाऊ घरचा शेतकरी. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेला आणि गाणी रेकॉर्ड करायच्या एका जागी झाडलोट करायला लागला. झाडता झाडता वायरी गुंडाळायला शिकला, आणि मग त्याला एका मशीनपाशी बसवला तो तिथंच राहिला. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ती तापवायची, फडक्यानं पुसायची आणि दिवसभर तिच्या काट्यावर डोळा ठेवायचा. करड्या रंगाची, दोन मोठी बटणं, मधे काचेत काटा.

"आत यक दिवा व्हता भागाजी," तो मला सांगायचा. "गानारा मोठ्यांदा गेला की दिवा पेटायचा. दिव्याम्होरं यक डोळा. डोळ्याला उजेड दिसला की त्यो आवाज दाबायचा. जेवढा उजेड तेवढा दाब. बास, येवढंच."

ह्या मशीनला कॉम्प्रेसर म्हणतात. मी म्हटलं, कॉम्प्रेसर विहिरीचा खडक फोडायला आणतात, नाहीतर पंक्चरवाल्याकडं असतो. तो म्हणाला, "त्यो हवा दाबतो, ह्यो आवाज दाबतो. दाबायचं म्हंजी गळा धरायचा न्हाई. पाठीवं हात ठेवायचा."

ती जागा बंद पडली तेव्हा गेणभाऊ कांदे काढायला गावी आला होता. परत गेला तर खोली मोकळी. मशीन कुणी नेली, भंगारात गेली का कुणा शौकिनाकडं, कुणी सांगेना. भिंतीवर तेवढा तिच्या आकाराचा चौकोन उरला होता. त्या दिवसापासून हा माणूस कुठं टेकला म्हणून नाही. जेवताना उठायचा, विहिरीला फेरी मारून यायचा, मग उरलेली भाकरी खायचा. जुन्नरला जातो म्हणून गाडीत बसायचा आणि मधेच कुठं भजन ऐकू आलं की उतरायचा. आपल्याला ऐकायचंय ते तिथं नाही असं दिसलं की मागच्या गाडीत चढायचा. आणि त्यात डावा कान गेलेला. उजवाही उतरत चालला होता, आणि उतरत जाणार हे नारायणगावच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"कान हाय तवर ती मला यकदा ऐकायचीय," तो म्हणायचा. "मंग दार लावून घेऊ दे त्याला."

त्याची सून वैशाली जुन्नरला पतसंस्थेत कामाला. स्कूटीवरून जायची-यायची, आणि जीभ स्कूटीपेक्षा जोरात. सासऱ्याची येरझार बघून तीच वैतागली आणि तिनंच शोधून काढलं, की असल्या जुन्या मशीनच्या नकला लोकांनी कॉम्प्युटरात बनवल्यात. मशीन नाही, नुसता प्रोग्राम. आवाज त्यातून घातला की मशीनमधून घातल्यासारखा बाहेर येतो. आणि त्यातले काही असे, की ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावेत, पैसा नाही. जुन्नरच्या पेठेतून एक वापरलेला कॉम्प्युटर आला, आणि कांदा साठवायच्या बराखीला लागून असलेली खोली गेणभाऊनं रिकामी केली.

मी म्हटलं, "फुकटचं मला चालत न्हाई गेणभाऊ. फुकट घेतलेलं अंगावं राहतं."

"फुकट न्हाई रे, मोकळं हाय ते. आत काय हाय ते उघडून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. अट यकच, पुढं देताना तू बी मोकळंच द्यायचं."

"आसं कोन देतं?"

"तू ओवी कुनाकडनं इकत घेतलीस?"

मी उठून त्या खोलीत गेलो आणि एक आरोळी ठोकून बघितली.

त्या खोलीत आवाज डब्यासारखा घुमायचा. पुढच्या खेपेला मी घरातली जुनी घोंगडी घेऊन गेलो आणि चारी भिंतींना लावली. खोली गप झाली. गेणभाऊनं टाळी वाजवून बघितली, टाळी जागच्या जागी मेली. त्याला इतका आनंद झाला की तो लगेच बाहेर पडून बराखीला दोन चकरा मारून आला. मग मला उभं केलं, समोर माइक लावला आणि म्हणाला, "म्हन."

त्या खोलीत मी एकच तुकडा किती वेळा म्हटला असेल त्याला मोजदाद नाही. देव डोंगर उतरतो तिथपासून आरोळीपर्यंत. तो तुकडा गेणभाऊ एकेका नकलेतून घालायचा, उजवा कान कॉम्प्युटरच्या भोंग्याकडं करायचा, पंजा हवेत चालू, आणि मग हात झटकायचा.

"ही न्हाई."

दुसरी. "ही बी न्हाई. ही लई शानी हाय."

तिसरी पडद्यावर आली ती हुबेहूब जुन्या मशीनसारखी. तसाच करडा रंग, तसाच काटा, आणि कोपऱ्यातल्या स्क्रूवर गंजसुद्धा काढलेला. गेणभाऊ उठूनच उभा राहिला. "गंज काढलाय बघ ह्यांनी! मी रोज फडकं मारून मारून गंज काढायचो, आन ह्यांनी बसून रंगवलाय!"

"बाबा, ते शोभेला असतं," वैशाली म्हणाली.

"शोभेला? मंग माझं फडकं बी काढायचं व्हतं!"

शेवटी एक नक्कल त्यातल्या त्यात जवळची निघाली. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसानं एकट्यानं बनवलेली, दिव्याच्याच मशीनची. चित्र नाही, गंज नाही, नुसती दोन बटणं. गेणभाऊ ती ऐकायचा आणि अर्ध्यात थांबायचा. म्हणायचा, "घर ह्येच हाय, पर चूल दुसरीकडंच मांडलीय." काय चुकतंय ते त्याला सांगता येईना. मग एक दिवस खोलीच्या कोपऱ्यात मी गादीसाठी आणलेली लोकर पडली होती, त्यावर त्यानं हात दाबला आणि सोडला. लोकर पटकन अर्धी वर आली, आणि उरलेली सावकाश, श्वास घेतल्यासारखी.

"आसं! आसं सोडायची ती! आधी पटकन, मंग निवांत. आन लई येळ दाबून ठेवली तर आनखी निवांत. ह्ये पावणं यकदम सोडतंय."

तेव्हापासून त्या परदेशी माणसाचं नाव आमच्यात पावणं पडलं.

मी त्याला म्हटलं होतं, की नवी लोकर अशी रेंगाळत नाही, ही जुनी आहे म्हणून रेंगाळते. गेणभाऊनं ऐकलं नाही. त्याला ऐकायचं नसलं की तो डावा कान पुढं करायचा.

वैशालीनं पाव्हण्याला कळवलं. त्यालाही असला माणूस भेटला नसावा. आपण जिची नक्कल केली त्या मशीनशेजारी अर्धा जन्म काढलेला कुणी पिंपळवंडीत आहे म्हटल्यावर तो कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायलाच तयार झाला. आमची दुपार, त्याची सकाळ. पडद्यावर तांबडी दाढी, हातात चहाचा मग. गेणभाऊनं धुतलेली टोपी घातली होती. मीही घातली होती, पण ती माझी नेहमीचीच.

गेणभाऊनं लोकर दाबून दाखवली. एकदा, दोनदा, जास्त वेळ दाबून एकदा. पाव्हण्यानं हातातला मग खाली ठेवला आणि पुढं वाकून बघितलं. मग तो बराच वेळ बोलला. वैशाली मान हलवत ऐकत होती, आणि तिचं मान हलवणं हळूहळू थांबलं.

"काय म्हनत्यात पावणं?"

"म्हणतात, तुमचा कान फार तयार आहे."

"आन?"

"आणि... असं होऊ शकतं म्हणतात. म्हणजे तुम्ही म्हणता तसं, सोडताना..." तिचा आवाज बारीक होत गेला. गेणभाऊचा पंजा उताणा झाला आणि वर गेला. तिनं त्या हाताकडं बघितलं आणि सांगून टाकलं. "बाबा, ते म्हणतात नवी मशीन अशी सोडत नव्हती. आतला डोळा म्हातारा झाला की तो असा रेंगाळतो. तुमच्या मशीनचा डोळा खराब झालेला होता. तो बदलायला पाहिजे होता."

पडद्यावर पावणं वाट बघत होता.

"त्याला सांग," मी म्हटलं, "की तू..."

"तू गप भागाजी." आणि तो उठून बाहेर गेला.

मी मागून गेलो. तो विहिरीला फेऱ्या घालत होता. मीही घालायला लागलो. त्याच्याबरोबर चालल्याशिवाय त्याच्याशी बोलताच यायचं नाही.

"ती माझ्याकडं दिली व्हती," तो म्हणाला. "पुसायला, तापवायला, राखायला. मोठमोठे गानारे येऊन जायचे आन मला इचारायचे, गेणू, मशीन बरी हाय ना? मी म्हनायचो, बरी हाय. माझ्या हाताखाली ती आंधळी होत गेली आन मी बरी हाय म्हनत ऱ्हायलो? आन ह्ये येवढं हुडकतोय मी, त्ये काय तर तिचा आजार?"

मी आयुष्यभर जनावरं राखलीत. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. "रोज बघनाऱ्याला म्हातारपन दिसत न्हाई गेणभाऊ. माझा येडका पार दात पडून म्हातारा झाला तवा घरी आलेल्या यका सोयऱ्यानं सांगितलं मला. मी रोज त्याच्या पाठीवं हात फिरवत व्हतो."

"मंग काय केलंस?"

"काय करनार? हात फिरवत ऱ्हायलो."

तो आणखी एक फेरी चालला. मग म्हणाला, "पर मला बदलायला पायजे व्हता डोळा."

"बदलला आसता तर आज तू काय हुडकत बसला आसता?"

त्या रात्री तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जुन्नरला गेला, दुपारच्या गाडीनं आला, संध्याकाळी पुन्हा निघाला तेव्हा वैशालीनं दारात स्कूटी आडवी लावली. "बाबा, पाव्हणे विचारत होते, तुम्हाला तो म्हातारा डोळाच पाहिजे का? पाहिजे असला तर ते बनवायला तयार आहेत. एक बटण जास्त ठेवतील म्हणाले. ज्याला नवी मशीन पाहिजे त्यानं ते तसंच ठेवावं, ज्याला म्हातारी पाहिजे त्यानं फिरवावं. पण किती म्हातारी ते त्यांना कळणार नाही. ते तुम्हीच सांगायचं."

गेणभाऊ पायरीवर पाय ठेवून तसाच उभा राहिला. "आजारी मशीनचं बटन कोन फिरवंल?"

"तुम्ही," वैशाली म्हणाली. "आधी आत चला. भाकरी गार होतीय."

मग ते काम सुरू झालं. पावणं बदल करून पाठवायचा, वैशाली कामावरून आली की उतरवून घ्यायची, मी तिच्या आठवड्याच्या सुट्टीला डिंभ्याहून जायचो, आणि माझा तो तुकडा पुन्हा त्यातून जायचा. गेणभाऊ सांगायचा, वैशाली इंग्रजीत लिहायची, आणि लिहिता लिहिता डोक्याला हात लावायची.

"त्यास्नी सांग, आजून थोडं झोपू दे तिला."

"झोपू दे म्हणजे काय लिहू बाबा?"

"झोपू दे म्हंजी झोपू दे. त्यास्नी कळंल."

आणि त्याला कळायचं! ह्याचं मला नवल वाटतं. ह्या माणसाला मराठीचा म माहीत नाही, पिंपळवंडी नकाशात कुठं आहे ते माहीत नाही, पण पुढच्या खेपेला मशीन थोडी जास्त झोपलेली असायची. गेणभाऊ मात्र दिवसेंदिवस भोंग्याच्या जवळ सरकत होता. आधी हातभर लांब बसायचा, मग वीतभर, मग कान टेकवूनच. आमच्यातलं कुणी ते बोलून दाखवत नव्हतं. "आवाज कमी येतोय का रे?" असं तो विचारायचा, आणि वैशाली निमूट आवाज वाढवायची. मला भीती वाटायची, की मशीन घरी पोचेल आणि दार आधीच लागलेलं असेल.

ज्या दिवशी ती पोचली त्या दिवशी बाहेर ट्रॅक्टरात कांदा भरत होते. गडबड होती, माणसं ओरडत होती. वैशालीनं तुकडा लावला. देव डोंगर उतरायला लागला. गेणभाऊचा पंजा नेहमीसारखा वर झाला, माझा खालचा आवाज उचलायला. आणि अर्ध्या वाटेत थांबला. मग तो हात खाली आला आणि मांडीवर पडून राहिला. आरोळी झाली, आरोळी गेली, तुकडा संपला. हात हलला नाही. इतक्या वर्षांत मी त्याचा हात स्वस्थ पहिल्यांदा बघितला.

"हीच," तो म्हणाला. मग बाहेर जाऊन ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "राव, जरा हळू भरा. आत पावणी आलीय."

इथपर्यंत सगळं गोड झालं. पण मग त्यानं माझी अख्खी ओवी भरून घेतली. तीन सुट्ट्या लागल्या, ढोल-झांज सगळी मंडळी नेली. ती मशीनमधून काढली आणि मला ऐकायला बसवलं. खरं सांगतो, खालचे शब्द मी स्वतः पहिल्यांदा इतके नीट ऐकले. ढोलाखाली गाडलेली देवाची सगळी वाट वर आली होती, गावं, ओढे, झाडं, सगळी. मी तसं तोंडावर बोललोही. आणि मग आली आरोळी.

ती दाबलेली होती. धरण ओलांडणारी माझी आरोळी, ती खोलीत मावत होती. आणि तिच्यानंतरचा माझा आवाज कुठूनतरी लांबून, सावकाश चढत चढत येत होता.

"हितं सोड," मी म्हटलं.

"न्हाई."

"गेणभाऊ, देव उभा ऱ्हातो तिथं. रान हाललं पायजे."

"रान हालतंय. तुला हादरा पायजे. आरं, आरोळी मोठी वाटती ती आरडून न्हाई. तिच्या मागनं जे गप होतं ना, त्येच्यानं. देव बघितलेल्या मानसाला लगीच कंठ फुटतो व्हय? आवाज हळूहळूच येनार माघारी."

"माझा आवाज हाय!"

"आन माझा कान हाय. तेवढाच ऱ्हायलाय."

"माळावर कळप आवळला तर मेंढरू चरत न्हाई. तुला काय कळनार त्यातलं!"

"आन मोकळा सोडला तर वाघ खातो. तुलाच कळतं व्हय समदं?"

वैशाली म्हणाली, "दोघंही चहा प्या आधी." मी चहा घेतला नाही. चाललो.

पुढं महिनोन् महिने असंच. वैशालीचा फोन यायचा, "मामा, बाबा विचारतायत कधी येताय." मी विचारायचो, "आरोळी सोडली का?" ती म्हणायची, "नाही." मी म्हणायचो, "मंग येऊन काय करू?" मागून गेणभाऊचा आवाज यायचा, "त्येला म्हनावं, आयकून तर जा नीट!" बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो, तसा तो बोलायला लागला होता. तेव्हा मला वाटायचं, आता ह्याच्यावर कुणीतरी पंजा ठेवला पाहिजे. पण मी गेलो नाही. मी चुकलो असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं बरोबरच होतं, आणि तो ते कबूल करेल म्हणून मी थांबलो होतो.

टोमॅटोला सुतळी बांधताना तो गेला. दोन ओळी बांधून झाल्या होत्या, तिसरीत बसला म्हणे, आणि बसलेला उठला नाही.

दहाव्याला गेलो. सगळं आवरल्यावर वैशाली मला त्या खोलीत घेऊन गेली. घोंगडी तशीच होती. तिनं सांगितलं, की पाव्हण्यानं ते म्हातारपणाचं बटण सगळ्यांसाठी आत ठेवलंय. आता कुठं कुठं लोक ते फिरवतात, कुणी इंग्रजी गाण्यावर, कुणी आणखी कशावर. त्यांना पिंपळवंडी माहीत नाही. मी म्हटलं, नसू दे. मोकळं दिलं म्हणजे दिलं.

मग तिनं कॉम्प्युटर लावला आणि माझी ओवी काढली. थेट त्या जागेवर आणून ठेवली.

"मामा, आवाज तुमचा आहे. बाबा आता नाहीत. ही आरोळी मी मोकळी करून देते. मघाशी करून बघितली, सोपं आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पोरगी माझ्या बाजूनं बोलत होती. मी त्या पडद्याकडं बघत राहिलो. एका बोटाचं काम होतं.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

"का? एवढे दिवस तुम्हालाच तर पाहिजे होती."

"पोरी, आमच्यात कुनाच्या रानात मेंढरं बसवायची तर मालक बांधावं उभा लागतो. त्येनं हात केला की आत जायचं. मालक न्हाई बघून शिरायला काय, कुनीबी शिरंल."

तिनं कॉम्प्युटरवरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाबांचं म्हणणं पटलं तुम्हाला?"

"आजाबात न्हाई," मी म्हटलं. "आरोळी मोकळीच पायजे. पर ते मी त्येला सांगनार व्हतो."